स्वनिर्मित मोटारीची नोंदणी

स्वनिर्मित मोटार म्हणजे एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या कार्यशाळेत किंवा घरी, जुन्या वाहनांचे इंजिन, चाके, सुकाणू इत्यादी भाग वापरून तयार केलेले वाहन. अशा मोटारीची भारतात नोंदणी करण्याचा प्रश्न मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या कक्षेत येतो. कायद्यात अशी मोटार बांधण्यास स्पष्ट मनाई नाही. मात्र ती रस्त्यावर चालवण्यासाठी लागणारी नोंदणी, जिला बोलीभाषेत ‘पासिंग’ म्हणतात, एकट्या कारागिराला मिळणे व्यवहारात जवळपास अशक्य आहे.

देवराष्ट्रे येथील जीप

या विषयाचे महाराष्ट्रातील सर्वांत परिचित उदाहरण सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावचे आहे. यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव म्हणून प्रसिद्ध असलेल्या या गावातील दत्तात्रय लोहार यांनी अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण नसताना भंगारातील भागांपासून लहान आकाराची जीप बनवली. तिला सुमारे ६०,००० रुपये खर्च आल्याचे वृत्त होते. दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होणारी चारचाकी, हे तिचे वैशिष्ट्य. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी समाजमाध्यमावर तिचे कौतुक केले. ही गाडी नियमांत बसत नसल्याने स्थानिक अधिकारी आज ना उद्या ती थांबवतील, असेही त्यांनी नमूद केले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये हा बदला प्रत्यक्षात आला व जीप कंपनीच्या संग्रहात गेली. कौतुकाच्या वर्षावात नोंदणीचा मूळ प्रश्न मात्र मागे पडला. लोहार कुटुंबाला नोंदणीकृत वाहन मिळाले. त्यांनी बांधलेल्या वाहनाला नोंदणी मिळाली नाही.

कायदेशीर अडचण

अधिनियमाच्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी चालवता येत नाही. ‘शेतातच फिरवतो, रस्त्यावर नेत नाही’ हा बचाव त्यामुळे वाटतो तितका भक्कम नाही. कलम १९२ अन्वये पहिल्या अपराधासाठी २,००० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

नव्या वाहनाच्या नोंदणीसाठी नमुना २० मध्ये अर्ज करावा लागतो. त्यासोबत नमुना २१ मधील विक्री प्रमाणपत्र, नमुना २२ मधील निर्मात्याचे रस्तायोग्यता प्रमाणपत्र आणि विम्याचा दाखला जोडावा लागतो. येथेच घोडे अडते. स्वतः बांधलेल्या गाडीचा विक्रेता नसतो, आणि नमुना २२ देण्याआधी निर्मात्याने नियम १२६ प्रमाणे आपल्या वाहनाचा आद्य नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घेतलेला असावा लागतो. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय), पुण्याचीच सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट आणि अहिल्यानगरची लष्करी वाहन संशोधन संस्था या त्यांपैकी होत. सातारा व सांगलीपासून त्या काही तासांच्या अंतरावर आहेत. परंतु त्यांची चाचणी मोठ्या संख्येने निघणाऱ्या वाहनांच्या एका प्रकाराला मान्यता देण्यासाठी आखलेली आहे. ब्रेक, प्रकाशयोजना, उत्सर्जन यांच्या कसोट्यांचा खर्च हजारो गाड्यांवर विभागला जातो. तो एकाच गाडीवर पडल्यास गाडीच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक भरेल.

जुन्या वाहनांचे भाग

ज्या गाडीचे इंजिन वापरले तिचे आरसी बुक नव्या गाडीला चालेल, असा समज अनेक गॅरेजांत आढळतो. तो चुकीचा आहे. नोंदणी प्रमाणपत्र एका विशिष्ट चासीचे असते व त्यावर चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि वाहनाचा प्रकार नोंदलेला असतो. कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा असाच कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये मालकाने केलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. एमएच १० (सांगली), एमएच ११ (सातारा) किंवा एमएच ५० (कराड) यांपैकी कोणत्याही कार्यालयात जुन्या वाहनाचा क्रमांक नव्या बांधणीच्या गाडीवर चढवणे म्हणूनच बेकायदेशीर ठरते.

विम्याची बाजू याहून गंभीर आहे. कलम १४६ प्रमाणे त्रयस्थ पक्ष विमा बंधनकारक आहे. नोंदणी नसलेल्या गाडीला तो मिळत नाही. अपघातात कोणी जखमी झाल्यास भरपाईचा संपूर्ण भार गाडी चालवणाऱ्यावर व मालकावर येतो.

अन्य देशांतील पद्धत

ब्रिटनमध्ये सुट्या भागांच्या संचातून मोटार बांधण्याची जुनी परंपरा आहे. १९५७ मध्ये आलेली लोटस सेव्हन ही त्यातील प्रसिद्ध गाडी. तेथे प्रत्येक स्वनिर्मित गाडीची स्वतंत्र तपासणी होते व ती उत्तीर्ण झाल्यास नोंदणी मिळते. भागांचे वय निश्चित करता न आल्यास ‘क्यू’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक दिला जातो. एका गाडीपुरती तपासणी ही सोय भारतीय कारागिराला उपलब्ध नाही.

मर्यादित अपवाद

केवळ कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेले खास प्रकारचे वाहन ‘मोटार वाहन’ या व्याख्येतून वगळलेले आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी बाहा स्पर्धेसाठी बांधतात त्या गाड्याही स्पर्धेच्या मैदानापुरत्याच असतात आणि तेथे त्या मालवाहू वाहनातून नेल्या जातात. जुलै २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. पण ती मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांना लागू आहे, जुन्या मोटारीसारखी दिसणारी नवी प्रतिकृती तीत बसत नाही.