थेंब, ड्रॅम आणि मिलिलिटर

औंसाचे मिलिलिटर करणे हे वरकरणी एका ओळीचे गणित आहे. ब्रिटिश द्रव औंस म्हणजे २८.४१ मिलिलिटर, गुणाकार केला की काम झाले. पण ही मापे औषध मोजण्यासाठी वापरली जात, आणि औषधात मापाची चूक रोग्याला भोवते. म्हणून या गणितामागचा इतिहास आपण पाहू.

मुंबईत अँटॉप हिलच्या शेजारी, वडाळ्यात ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. पोवाड्यांचे संग्राहक म्हणूनही परिचित असलेले महापालिका आयुक्त ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने ते १८९० मध्ये सुरू झाले. त्या काळी कुष्ठरोगावर चालमुगरा तेल हे प्रमुख औषध होते. कोकणात याच कुळातील कडू कवठाचे तेल वापरात होते. हे तेल पोटात गेले की मळमळ होई. म्हणून थोड्या थेंबांपासून सुरुवात करून मात्रा हळूहळू वाढवीत. पण थेंब म्हणजे नेमके किती?

हा प्रश्न वैद्यकाला आधीच पडलेला होता. थेंबाचा आकार नळीच्या तोंडावर आणि द्रवाच्या पृष्ठताणावर अवलंबून असतो. एकाच ड्रॉपरमधून पडणारा अल्कोहोलचा थेंब पाण्याच्या थेंबाच्या निम्म्याहूनही लहान असतो. म्हणून १८०९ मध्ये लंडनच्या औषधसंहितेने थेंबाऐवजी 'मिनिम' हे ठरीव माप स्वीकारले. ६० मिनिमांचा एक द्रव ड्रॅम, ८ ड्रॅमचा एक द्रव औंस.

पुढे १८२४ च्या कायद्याने ब्रिटनने गॅलनची नवी व्याख्या केली: ६२ अंश फॅरनहाइट तापमानाच्या १० पौंड शुद्ध पाण्याचे आकारमान. दहा पौंड म्हणजे १६० औंस. त्यामुळे गॅलनचे आठ पिंट आणि पिंटाचे वीस द्रव औंस झाले, आणि एक द्रव औंस पाण्याचे वजनही एक औंस भरू लागले. अमेरिकेने मात्र जुना, लहान गॅलन कायम ठेवला व त्याच्या पिंटाचे सोळाच औंस केले. म्हणून अमेरिकन औंस आजही २९.५७ मिलिलिटरचा आहे. जुन्या पुस्तकातील औंस बदलण्यापूर्वी पुस्तक कोणत्या देशातले आहे, हे पाहावे लागते ते यामुळेच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत मापांच्या तीन पद्धती एकत्र नांदत होत्या. बाजारात शेर आणि पावशेर, दवाखान्यात औंस आणि ड्रॅम, तर जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत घनसेंटिमीटर, म्हणजे 'सीसी'. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून आलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ती होती १० सीसी. दवाखान्यातल्या मापात सांगायचे तर २ ड्रॅम ४९ मिनिम. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. पुढे कडू कवठाचे तेलही टोचून देऊ लागले, तेव्हा त्याची मात्रा सीसीमध्ये लिहिली जाऊ लागली.

भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. खरी अडचण संक्रमणाच्या या काळातली. सोयीसाठी सुटसुटीत आकडे धरले जात: १५ मिनिम म्हणजे १ मिलिलिटर, १ ड्रॅम म्हणजे ४ मिलिलिटर, १ औंस म्हणजे ३० मिलिलिटर. प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे चालण्याजोगा आहे. पण ते एकमेकांना जोडून पाहा. आठ ड्रॅमचे ३२ मिलिलिटर होतात, तर औंस म्हणतो ३०. आणि खरा औंस तर २८.४ चा! गोळाबेरीज आकडा दुसऱ्या गणितात घातला की चूक वाढत जाते.

त्याहून फसवा ठरला चमचा. जुन्या औषधपत्रिकेतील चहाचा चमचा एक ड्रॅमचा, म्हणजे ३.५५ मिलिलिटरचा धरला जाई. आज औषधाचा चमचा ५ मिलिलिटरचा असतो, म्हणजे १ ड्रॅम २४ मिनिम. शब्द तोच राहिला, पण माप सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. जुन्या वहीतील 'एक चमचा' आजच्या चमच्याने लहान मुलाला देणे म्हणजे जवळजवळ दीडपट औषध देणे होय.

आकडा बदलताना त्याची अचूकताही लक्षात घ्यावी. 'दोन औंस' याचे उत्तर ५६.८२६२ मिलिलिटर असे लिहिणारा विद्यार्थी गुणाकारात चुकलेला नाही, पण मापनात चुकला आहे. जुने माप मुळात जितके काटेकोर होते, तितकेच उत्तर काटेकोर लिहावे. येथे ५७ पुरेसे आहे.

वर्गात हा प्रयोग सहज करता येईल. सुई नसलेली ५ मिलिलिटरची सिरिंज घ्यावी आणि मुलांनी घरून आणलेल्या चमच्यांत किती पाणी मावते ते मोजून फळ्यावर लिहावे. मग एकाच ड्रॉपरने एक मिलिलिटर पाण्याचे व एक मिलिलिटर स्पिरिटचे थेंब मोजावेत. स्पिरिट ज्योतीपासून दूर ठेवावे. पाण्याचे सुमारे वीस थेंब भरतील, स्पिरिटचे त्याच्या दुपटीहून अधिक. थेंब सोडून मिनिम का स्वीकारावा लागला, हे मग विद्यार्थीच सांगतील.