माधोदासाची धरसोड

आमच्या लातूरकडे एखाद्याचं मन एका जागी राहिना की जुनी माणसं म्हणतात, 'धरसोड करणाऱ्याचं काही खरं नाही.' हे वाक्य मी १९९३ नंतर पुष्कळ ऐकलं. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवून झोपलेली गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. मी तेव्हा पंचविशीच्या आतला. मदतीला गेलो, आठ दिवसांनी परतलो आणि गळ्यातली तुळशीची माळ काढून ठेवली. घराणं वारकरी. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी ती माळ देवघराच्या खुंटीला अडकवली.

पुढची काही वर्षं मी सुरतशहावलींच्या दर्ग्यात बसलो, बुद्धविहारात गेलो, एका मठात महिनाभर राहून आलो. कुठंच टिकलो नाही. या भटकंतीत अहमदपूर-लोह्यामार्गे नांदेडला पोचलो आणि गोदावरीकाठच्या बंदाघाटावर माधोदास बैराग्याची गोष्ट पहिल्यांदा ऐकली. मी काही प्रशिक्षित इतिहासकार नव्हे. पण हा माणूस माझ्या ओळखीचा वाटला, म्हणून त्याच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो.

समकालीन फारसी लेखकांना तो दिसतो तो पंजाबात, लढाईच्या धुळीत. त्याआधीची हकिकत शीख परंपरेनं जपली. गंडासिंग यांनी १९३५ साली लिहिलेल्या चरित्रात ती आणि फारसी साधनं एकत्र आणली. या परंपरेनुसार तो १६७० साली जम्मूकडच्या राजौरीत जन्मला. नाव लछमनदेव. शिकारीत त्याच्या हातून एक गाभण हरिणी मेली, पोटातली पिल्लं त्याच्या डोळ्यांदेखत गेली. त्यानं धनुष्य टाकलं आणि वैष्णव बैराग्यांत जाऊन तो माधोदास झाला. फिरत फिरत नाशिकला पंचवटीत आला. तिथं औघडनाथ नावाच्या योग्याकडून योग आणि तंत्रविद्या शिकला. मग नांदेडला मठ बांधून पंधरा-सोळा वर्षं राहिला. शिष्य होते, सिद्धपुरुष म्हणून दबदबा होता.

१७०८ साली बादशहा बहादूरशहा भाऊ कामबक्षावर चालून दक्षिणेत आला. त्याच्याबरोबर आलेले गुरू गोविंदसिंग नांदेडला थांबले. ते मठात येऊन माधोदासाच्या पलंगावर बसले. त्यानं मंत्रबळानं पलंग उलथवायचा प्रयत्न केला, तो फसला, आणि 'मी तुमचा बंदा' म्हणून तो पायांशी बसला, अशी कथा आहे. आपल्याला 'बंदा' म्हटलं की बंदा रुपया आठवतो. फारसीत बंदा म्हणजे सेवक. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी एवढं उरतं की अडतीस वर्षांचा, बस्तान बसलेला महंत आपली गादी सोडून उठला. पहिल्यांदा घर सोडताना तो तरुण होता. हे सोडणं त्याहून अवघड.

१७१० मध्ये त्यानं सरहिंद जिंकलं. गुरूंच्या दोन धाकट्या मुलांना जिथं मारलं होतं, तेच हे सरहिंद. पुढं नाणी पाडली ती स्वतःच्या नावानं नव्हे, गुरूंच्या नावानं. त्याच्या मोहिमांत रक्त पुष्कळ सांडलं. ते झाकायचं कारण नाही. डिसेंबर १७१५ मध्ये तो गुरदासनंगल इथं पकडला गेला. त्याच्या साथीदारांची दिल्लीत रोज कत्तल होत होती. त्या वेळी दरबारात आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या वकिलांनी मार्च १७१६ च्या पत्रात लिहिलं की यांतल्या एकानंही आपला धर्म सोडल्याचं ऐकिवात नाही. जूनमध्ये बंदालाही मारलं. धर्म बदललास तर जीव वाचेल, असं त्याला सांगितलं गेलं आणि त्यानं ते नाकारलं, असं परंपरा सांगते.

मला इथं थांबावंसं वाटलं. दोन-तीन वाटा बदललेला माणूस जीव वाचवायची शेवटची वाट मात्र घेत नाही. मग आधीची ती धरसोड कशी? माझं वाचन असं की वाटा बदलल्या, प्रश्न एकच राहिला: निष्पाप जिवाच्या मरणाचं काय करायचं? बैरागी होऊन त्यानं संसार सोडून पाहिला, योगी होऊन शक्ती कमावून पाहिली. नांदेडला त्याला तिसरं उत्तर मिळालं, की सोसणाऱ्यांच्या बाजूनं उभं राहायचं. हरिणीसाठी टाकलेलं धनुष्य त्यानं त्या मुलांसाठी उचललं. पहिला माधोदास खोटा नव्हता. त्याच्याशिवाय बंदा झालाच नसता.

किल्लारीनंतर माझाही प्रश्न तोच होता. माझं उत्तर त्याच्याइतकं मोठं नाही. नांदेडलाच गुरुगादी ग्रंथसाहिबाकडे आली, असं शीख मानतात. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची एकसष्ट पदं आहेत, हे मला सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीत शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या सरदारजींनी सांगितलं. वारकऱ्याच्या पोराला ते तोवर माहीत नव्हतं. त्यानंतर मी तिथं अनेकदा भांडी घासली, आणि एका आषाढात दिंडीबरोबर पंढरपूरलाही गेलो.

अण्णांना हे सगळं सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे नामदेव तुझ्याआधीच तिकडं जाऊन बसला होता म्हण की."

माळ अजून खुंटीलाच होती. ती मी काढून घेतली.