व्हिडिओ खेळ : सुगमता व लोकप्रियता
पडद्यावरील इलेक्ट्रॉनीय चित्रांचे नियंत्रण करून खेळावयाच्या खेळांस ‘व्हिडिओ खेळ’ म्हणतात. त्यांच्या प्रसारात दोन बाबी महत्त्वाच्या ठरतात : नवख्या माणसाला खेळ किती सहजपणे सुरू करता येतो, ही त्याची सुगमता, आणि सरावाबरोबर कौशल्य कसकसे वाढते हे दर्शविणारा त्याचा अध्ययनवक्र. नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांच्या १९७१ ते १९८१ या काळातील इतिहासावरून या दोहोंतील संबंध स्पष्ट होतो.

स्टीव्ह रसेल व त्यांचे सहकारी यांनी १९६२ मध्ये मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत ‘पीडीपी-१’ या संगणकासाठी ‘स्पेसवॉर’ हा खेळ तयार केला. त्याचे खेळाडू बहुधा संगणकज्ञच असल्याने त्याची क्लिष्टता कोणाला जाणवली नाही. त्याच्या आधारे नोलन बुशनेल व टेड डॅब्नी यांनी १९७१ मध्ये ‘कॉम्प्युटर स्पेस’ हे यंत्र बनविले. यान डावीकडे व उजवीकडे वळविणे, त्याला गती देणे व मारा करणे यांसाठी त्यात स्वतंत्र बटणे होती. शिवाय जडत्वामुळे यान वाहवत जाई. विद्यापीठ परिसरात हे यंत्र चालले. परंतु सामान्य मद्यगृहांतील गिऱ्हाईक लांबलचक सूचना वाचण्यास तयार नव्हते.

यानंतर बुशनेल व डॅब्नी यांच्या अटारी कंपनीत ॲलन अल्कॉर्न यांनी १९७२ मध्ये ‘पाँग’ तयार केला. त्याची मूळ कल्पना मॅग्नाव्हॉक्स कंपनीच्या ‘ऑडिसी’ या संचातील टेबल टेनिसवरून घेतलेली होती. एक मूठ फिरवून फळी वरखाली सरकवायची व चेंडू परतवायचा, एवढेच त्यात शिकावयाचे असे. कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथील मद्यगृहात ठेवलेले पहिले यंत्र नाण्यांची पेटी भरून गेल्याने बंद पडले. तथापि त्याचे यश केवळ सोपेपणावर आधारलेले नव्हते. चेंडू फळीच्या ज्या भागावर आदळे त्यानुसार त्याची दिशा बदले आणि डाव लांबला की वेग वाढे. त्यामुळे सरावाला वाव राही. शिकण्यास सोपा, पण पारंगत होण्यास कठीण, हे उत्तम खेळाचे लक्षण पुढे बुशनेल यांच्या नावाने रूढ झाले.

जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) या खेळात शत्रूंची संख्या घटली की उरलेल्यांची चित्रे यंत्राला अधिक जलद रेखाटता येत व त्यांचा वेग आपोआप वाढे. मूळच्या या तांत्रिक मर्यादेतूनच क्रमाने चढत जाणारी काठिण्यपातळी लाभली. तोरू इवातानी यांनी ‘पॅक-मॅन’ (१९८०) हा खेळ स्त्रियांनाही आवडावा या हेतूने रचला. एका दांड्याखेरीज त्यात दुसरे नियंत्रण नव्हते. मात्र पाठलाग करणाऱ्या चार भुतांच्या भिन्न चाली ओळखण्यास दीर्घ सराव लागे.

याला महत्त्वाचा अपवाद म्हणजे ‘डिफेंडर’ (१९८१). एक दांडा व पाच बटणे असूनही तो अत्यंत लोकप्रिय झाला. कारण तोवर अशा खेळांत मुरलेला मोठा खेळाडूवर्ग तयार झाला होता. म्हणजेच सुगमता ही खेळाइतकीच खेळाडूच्या पूर्वानुभवावरही अवलंबून असते. ज्यांच्या हातांची हालचाल मर्यादित आहे अशांना साधे नियंत्रकही दुर्गम ठरतात. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१८ मध्ये खास नियंत्रक विक्रीस आणला. खेळाच्या दारातूनच परतलेल्या माणसाला त्याच्या अध्ययनवक्राची गोडी कधीच कळत नाही. उलट ज्यात शिकण्यासारखे काही उरत नाही, तो खेळ लवकरच मागे पडतो.