पाणबुडीतून आलेलं गम

विडी-सिगारेट सोडायला मेडिकलमध्ये निकोटिनचं च्युइंगगम मिळतं. त्याचं मूळ पाणबुडीत आहे, म्हटलं तर पटेल का?

स्वीडनमधल्या पाणबुडीच्या खलाशांना आत सिगारेट ओढता येत नसे. मग ते तंबाखू तोंडात धरत, नि तलफ भागे. (मशेरीवालींनो, लगेच मान डोलावू नका, तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो.) लुंड विद्यापीठातल्या डॉ. लुंडग्रेन यांच्या हे ध्यानात आलं. १९६७ साली त्यांनी औषध कंपनीतल्या ओवे फेर्नो यांना पत्र लिहिलं. तलफ निकोटिनची असते, तर धुराशिवाय तेवढंच देता येईल का? फेर्नोंनी निकोटिन गममध्ये असं बसवलं, की चावेल तसं हळूहळू सुटावं. १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये त्याला मंजुरी मिळाली.

हळूहळू, हेच आपल्याकडे राहून जातं. घरधनी गम भराभर चघळतात, घसा जळजळतो, उचकी लागते, नि पुन्हा विडी पेटते. चार-दोनदा चावायचं, झणझणलं की गालात धरायचं; झणझण ओसरली की पुन्हा चावायचं. असं अर्धा तास. चहा मात्र त्याच्या पंधरा मिनिटं आधीच उरकायचा. हृदयाचं दुखणं असेल किंवा बाई गरोदर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. सरकारची सल्ला देणारी फुकट फोनसेवाही आहे: १८००-११-२३५६.