ताक, प्लेग आणि ओडेसाचे मास्तर

मागच्या वीकेंडला भडगावला गेलो होतो. मावसबहिणीचं बाळ पंधरा दिवसांचं. आजीचं म्हणणं, बाळाला बोटभर ताक चाटवू, पोट पक्कं होईल. सगळे माझ्याकडे बघायला लागले. (आमच्या घरी इंजिनिअरला प्रिंटरपासून बाळापर्यंत सगळं कळतं.) मी म्हटलं, सकाळी सांगतो. रात्री गच्चीवर मोबाईल घेऊन बसलो तो थेट हाफकिनपाशी पोचलो.

हाफकिन आजीलाही ऐकून माहीत. तिच्या सासूच्या गोष्टींत प्लेगची सुई असायची आणि गाव सोडून शेतात बांधलेल्या झोपड्या. १८९६ मध्ये हा माणूस मुंबईत आला, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्याच्याच नावाची.

आता गंमत बघा. ओडेसाला हाफकिनचे मास्तर होते मेचनिकॉफ. जंतू गिळणाऱ्या पेशी त्यांनी शोधल्या, त्याबद्दल १९०८ चं नोबेल अर्लिकसोबत मिळालं. आणि हेच मास्तर पुढे आंबट दुधाचे भक्त झाले! आतड्यातले बहुतेक जंतू शरीरात विष कालवतात, दुधाचे जंतू त्यांना आवर घालतात, असा त्यांचा हिशेब. म्हणजे प्रतिकारशक्ती आणि पोटातले जंतू, दोन्ही विषय एकाच टेबलावर होते. पण एक दुसऱ्याला घडवतो, हे मास्तरांना दिसलं नाही.

ते दाखवलं उंदरांनी. जन्मापासून पूर्ण निर्जंतुक ठेवलेल्या उंदरांच्या आतड्यातली संरक्षणाची यंत्रणा अर्धवटच वाढते. जंतू दिले की ती भरून येते. आपण खाल्लेला चोथा, म्हणजे कळण्याच्या भाकरीतलासुद्धा, जंतू आंबवतात. त्यातून ब्युटिरेट बनतं आणि ते संरक्षक पेशींना 'उगाच भांडू नका' हे शिकवतं.

हे फक्त उंदरांपुरतं नाही. ओडिशातल्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर चाचणी झाली, निकाल २०१७ मध्ये आला. निम्म्या बाळांना आठवडाभर एक निवडक लॅक्टोबॅसिलस आणि त्याचं खाद्य दिलं. रक्तात जंतुसंसर्ग किंवा मृत्यू, हे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं. छातीचे संसर्गही कमी झाले. औषध पोटात, फायदा छातीत!

मग आजी बरोबर? नाही ना. तिथे जंतू मोजून, तपासून दिला होता. आपल्या ताकात कोण कोण राहतं, कुणी बघितलंय? आणि आईच्या दुधात अशा साखरा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या बाळाच्या पोटातल्या बिफिडो जंतूंसाठी असतात. म्हणजे जंतूंचा डबा आईच भरून देते.

सकाळी आजीला एवढंच सांगितलं: सहा महिने फक्त आईचं दूध, ताक नाही, मध नाही, घुटीही नाही. तिला पटलं की नाही कोण जाणे. बहिणीने मात्र वाटी उचलून आत नेली.