बोरघाटांतलें उलटें स्टेशन

१६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, हें आपल्याकडील शाळकरी मुलासही ठाऊक असतें. पुढील वर्षीं लोहमार्ग कल्याणास पोहोंचला आणि १८५६ सालीं खोपोलीस, सह्याद्रीच्या पायथ्याशीं, येऊन थबकला. घाट चढून जाण्यास त्यास आणखी सात वर्षें लागलीं. त्या सात वर्षांचें स्मारक म्हणावें असें एक स्टेशन बोरघाटांत, खंडाळ्याच्या खालीं होतें. त्यास ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ म्हणत.

स्टेशन म्हटलें कीं गांव आलें, बाजार आला. हें स्टेशन मात्र कोणत्याही गांवाकरितां बांधलेलें नव्हतें. डोंगरानें घातलेली ती अट होती. सुमारें १,८०० फूट उंची गाठावयाची आणि कड्याच्या तोंडाशीं वळण घेण्यास जागा नाहीं! तेव्हां मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले यांच्या योजनेंत गाडी एका दिशेनें चढून या स्टेशनांत शिरे. तेथें इंजिन सोडून दुसऱ्या टोकास जोडीत, आणि मागचा डबा पुढचा होऊन गाडी उलट दिशेनें खंडाळ्याकडे निघे.

युक्ति बर्कलेची खरी. पण ती कातळांत उतरविली मजुरांनीं. मजुरी थकल्यामुळें १८५९ च्या जानेवारींत येथें दंगा झाला व पहिल्या कंत्राटदारानें काम सोडलें. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येतांच थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिनें कंत्राट पुढें चालविलें. १८६१ सालीं घाटांत सुमारें ४२,००० माणसें राबत होतीं. पटकीनें व अपघातांनीं मेलेल्यांची संख्या २५,००० च्या आसपास असावी, असा अंदाज सांगतात. १८६३ सालीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्तें मार्ग खुला झाला.

१९२९ सालीं घाटांत नवीन बोगद्यांतून सरळ मार्ग झाला, विजेचीं इंजिनें आलीं, आणि सहासष्ट वर्षांची सेवा करून हें स्टेशन बंद पडलें. त्याबद्दल खेद करण्याचें कारण नाहीं. चांगली सोय झाल्यावर अडचणीची सोय कोण ठेवील? आज कर्जतहून लोणावळें तासाभराच्या आंत येतें. परंतु बर्कले, ट्रेडवेल, फ्रियर हीं नांवें ग्रंथांत राहिलीं. त्या हजारोंपैकीं एकाचेंही नांव आपणांस सांगतां येत नाहीं. घाटांत उरलेलें त्यांच्या हातचें दगडकाम हीच त्यांची नोंद होय. ती तरी आपण मोडूं देतां कामा नये.