'कॉर्न डॉग'ची जन्मकथा

अमेरिकेतील राज्यांच्या वार्षिक जत्रांमध्ये 'कॉर्न डॉग' नावाचा एक पदार्थ हटकून आढळतो. सॉसेज काडीवर खोचावयाचे, मक्याच्या सरबरीत पिठात बुडवावयाचे आणि काडीसकट कढत तेलात सोडावयाचे, एवढीच त्याची कृती. सॉसेज म्हणजे मसाला घातलेला मांसाचा खिमा पातळ आवरणात भरून केलेली नळी. गोव्यातील श्रोत्यांना चोरिसांवरून तिची कल्पना सहज येईल. ज्यांच्या घरी पावसाळ्यात भज्यांचा घाणा निघतो, त्यांना यात शोध लावण्याजोगे काय आहे असेच वाटेल. तथापि या पदार्थाच्या जनकत्वावर अनेकांनी हक्क सांगितला आहे.

प्रथम नावातील कुत्र्याचा उलगडा करू. एकोणिसाव्या शतकात जर्मन स्थलांतरितांनी फ्रँकफुर्ट आणि व्हिएन्ना येथील सॉसेजे अमेरिकेत आणली. खिम्यात नेमके काय मिसळले आहे हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. तेव्हा खाटीक त्यात कुत्र्याचे मांस घालतात, अशी कुजबूज १८४० च्या सुमारासच सुरू झाली होती. परक्या माणसाच्या ताटाविषयी असा संशय घेणे कोणत्याही समाजाला अवघड जात नाही. या संशयातून थट्टा निघाली आणि थट्टेतून नाव. १८९५ साली येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात 'हॉट डॉग' हा शब्द पावात घातलेल्या सॉसेजसाठी छापलेला सापडतो.

लोकप्रिय कथा मात्र वेगळी आहे. टॅड डॉर्गन या व्यंगचित्रकाराने १९०० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या क्रीडांगणावर हा पदार्थ विकताना पाहिला, जर्मन जातीच्या लांबट 'डॅक्सहुंड' कुत्र्याचे स्पेलिंग त्याला येईना, म्हणून त्याने चित्राखाली नुसते 'हॉट डॉग' लिहिले, असे सांगतात. ते चित्र आजवर कोणालाही सापडलेले नाही, आणि येलचा पुरावा त्याहून जुना आहे. तरीही ही कथा टिकून राहिली. मला वाटते, तिच्यामुळे जर्मन खाटकांवरील किटाळाची आठवण सोयीस्करपणे पुसली जाते, हे त्याचे एक कारण असावे.

आता 'कॉर्न'. इंग्लंडात हा शब्द कोणत्याही मुख्य धान्याला लावतात. अमेरिकेत त्याचा अर्थ मका. १९२० च्या दशकात अमेरिकेतील हॉटेलांना सामान पुरविणाऱ्या व्यापाऱ्यांच्या यादीत 'क्रस्टी कॉर्न डॉग' भाजण्याचे एक यंत्र आढळते. त्याच्या साच्यात सॉसेज पिठासह भाजले जाई आणि बाहेर येई ते मक्याच्या कणसासारखे दिसे. म्हणजे नाव आधीच होते; पण त्यात काडी नव्हती आणि तळणही नव्हते.

काडी व तळण सापडते ते सरकारी दप्तरात. बफेलो शहराच्या स्टॅनली जेन्किन्स यांनी १९२७ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९२९ मध्ये त्यांना ते मिळाले. अर्जाची भाषा मोठी वाचनीय आहे. सॉसेज, उकडलेली अंडी, चीज, केळी, अननस, अंजीर, स्ट्रॉबेरी असे काहीही काडीवर खोचून पिठात बुडवावे आणि सुमारे ३९० अंश फॅरनहाइट तापलेल्या वनस्पती तेलात तळावे, म्हणजे स्वच्छ व रुचकर खाद्य तयार होते, असे त्यांनी म्हटले आहे. 'डॉग' हे नाव मात्र त्यात नाही.

प्रसिद्धी मिळाली ती इतरांना. नील व कार्ल हे फ्लेचर बंधू मूळचे रंगभूमीवरचे विनोदी नट. १९३८ ते १९४२ च्या दरम्यान त्यांनी डॅलस येथील टेक्ससच्या जत्रेत 'कॉर्नी डॉग' विकण्यास आरंभ केला. ऑरेगनच्या समुद्रकिनाऱ्यावर जॉर्ज बॉइंग्टन व त्यांच्या पत्नीचे पाव पावसात भिजून वाया जात. तेव्हा पावच नको, सॉसेजभोवती पीठच तळावे, असे त्यांनी ठरविले. त्यांचा माल 'प्राँटो पप' या नावाने खपू लागला.

एड वॉल्डमायर यांची हकीकत मला अधिक बोधक वाटते. ओक्लाहोमातील मस्कोगी येथे त्यांनी मक्याच्या पिठात भाजलेले सॉसेज खाल्ले होते. चव उत्तम, पण भाजण्यास वेळ फार. तळावे म्हटले तर पीठ सॉसेजला धरून राहात नसे. पीठ धरेल असे मिश्रण डॉन स्ट्रँड या मित्राने सिद्ध केले, आणि युद्धकाळात टेक्ससच्या अमॅरिलो येथील विमानतळावर नोकरीस असताना वॉल्डमायर यांनी ते तळून सैनिकांना खाऊ घातले. तेथे त्याचे नाव होते 'क्रस्टी कर', म्हणजे खरपूस गावठी कुत्रा. सैनिकांना ते चालले. पण घरी परतल्यावर पत्नी व्हर्जिनिया यांनी स्पष्ट सांगितले की, असल्या नावाचा पदार्थ कोणी विकत घेणार नाही. १६ जून १९४६ रोजी इलिनॉयमधील स्प्रिंगफील्ड येथे तो 'कोझी डॉग' या नावाने विक्रीस आला. एकमेकांना मिठी मारलेली दोन सॉसेजे ही त्याची खूण. कुत्रा कायम राहिला, फक्त तो उबदार झाला!

मिनेसोटाच्या जत्रेत १९४७ साली 'प्राँटो पप' आला. तेथे आज कॉर्न डॉगची दुकानेही आहेत, आणि हे दोन पदार्थ एकच की निराळे, यावर खाणारे हातातली काडी संपेपर्यंत वाद घालतात.